कॅमेरा घडीचाच आणावा

आमचं फोटोचं दुकान देऊळगाव राजाला, बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दुकानाच्या काचेत अर्ध्या तालुक्यातली नवरा-बायकोची जोडपी टांगलेली असायची, पण फोटो काढणाऱ्याच्या बायकोचा नवऱ्याशेजारी बसून काढलेला एकही फोटो नव्हता. का नव्हता, ते मी सांगणार आहे. आमच्या घरात त्या गोष्टीचा विनोद झालाय आणि मला त्या विनोदाचा संताप येतो. वय झालं, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी येतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी दहा वर्षांची, माझ्या पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. बाबांकडे लाकडी स्टँडवरचा मोठा कॅमेरा होता. काळ्या कापडात डोकं घालायचं, मग बाहेर येऊन भिंगावरची टोपी काढायची, मनात मोजायचं आणि टोपी परत लावायची. म्हणजे फोटो निघताना बाबा कॅमेऱ्यापाशी उभेच पाहिजेत. ते स्वतः फोटोत येणार कुठून?

आई मागच्या खोलीत प्रिंटा धुवायची. तीन तसराळ्यांत पाणी, मग दोरीवर वाळत घालणं, मग कडा कापणं. सगळ्या तालुक्यातले नवरे आणि बायका तिच्या ओल्या बोटांखालून जायचे. ती त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. "पाह्य कसा फुगून बसला, जसा काई हाच नवरी हाये," असं म्हणत ती प्रिंट दोरीला लावायची आणि आम्ही पोरं हसायचो. कधी एखादी प्रिंट हातात धरून ती जरा जास्त वेळ बघत राहायची. तेव्हा मला त्याचा अर्थ कळायचा नाही.

तिला दम लागायला लागला म्हणून बाबांनी तिला जालन्याला डॉक्टरकडे नेलं. हृदयाची झडप लहानपणापासूनच खराब आहे, जपा, असं तो म्हणाला. जपायचं म्हणजे काय करायचं हे त्याने सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी कपडे-धुणी, पाणी आणि प्रिंटा कोण करणार होतं? परत आल्यावर चार-आठ दिवसांनी आई बाबांना म्हणाली, "आपल्या दोघांचा एक फोटो पाह्यजे मले. लेकराईसकट."

बाबांना आनंदच झाला. ते म्हणाले, शेजारच्या शिंपीमामांना बोलावतो, टोपी काढायची आणि लावायची, त्यात काय एवढं.

"बाप्यासमोर मी तुमच्या बराबरीनं खुर्चीवर बसू?" आई म्हणाली.

आता हे आजच्या पोरींना सांगितलं तर त्या माझ्या तोंडाकडे बघतात. पण आमच्याकडे तसंच होतं. परक्या पुरुषासमोर, नाहीतर घरातल्याच दिरा-भायासमोर, नवऱ्याच्या शेजारी त्याच्या बरोबरीच्या खुर्चीवर बसणं म्हणजे निर्लज्जपणा. काचेतल्या बायका बसायच्या, कारण फोटोग्राफर त्यांच्या हिशेबात माणूस नव्हता, वैद्यासारखा होता. आईसाठी तर फोटोग्राफर म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसायचा तोच माणूस. मग समोर कोण? शेजारीण नको, ती गावभर करील. मी म्हटलं, मी टोपी काढते. त्यावर आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "एक लेकरू बाहेर ठेवून फोटो काढत नसतात," ती म्हणाली. तीन लेकरं असून दोनच फोटोत आली तर ते वाईट, अशी तिची समजूत होती. तिचं म्हणणं साधं होतं. नवरा शेजारी, तिन्ही पोरं जवळ, आणि समोर कोणी नको.

हे कोडं बाबांना लोणारला सुटलं. लोणारचं ते खोल तळं बघायला कुठल्याशा कॉलेजचे प्रोफेसर आणि विद्यार्थी आले होते, आणि त्यांच्या एका कार्यक्रमाचे फोटो काढायला बाबांना बोलावलं होतं. तिथे प्रोफेसरांनी खिशातून एक चपटी काळी डबी काढली. बटण दाबल्यावर डबीचं दार पुढे पडलं आणि काळ्या चामड्याचा भाता ताणून भिंग बाहेर आलं. प्रोफेसरांनी तो कॅमेरा दगडावर ठेवला, भिंगाजवळची इवलीशी दांडी ओढली आणि पळत जाऊन पोरांच्या मधोमध उभे राहिले. कॅमेरा आपला आपण किर्र किर्र करत राहिला आणि थोड्या वेळाने खट्. बाबा एसटीने घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की आईला वाटलं काहीतरी मोठं काम मिळालं.

"त्याले घडी हाये," बाबा आईला सांगत होते. "घडीले चाबी द्याची. मंग तो थांबते. मले तुह्या बाजूले येऊन बसाले टाइम भेटते. समोर चिटपाखरू नाई."

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आमच्याकडे घडी म्हणजे घड्याळ. भिंतीवरची घडी, हातातली घडी, घडीत किती वाजले. आमचे आजोबा तेच म्हणायचे, बाबा तेच म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. कपड्याची घडी आम्हाला माहीत नव्हती असं नाही, पण यंत्राला घडी आहे म्हटलं की दुसरा अर्थ डोक्यात येतच नव्हता.

असे जर्मन कॅमेरे तेव्हा आमच्याकडे कुठून मिळणार? नवे तर बाहेरून येणंच अवघड झालं होतं. मुंबईत जुने मिळायचे. आणि मुंबईला होता माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. एका ऑफिसात कारकून. मॅट्रिकनंतर तो तिकडे गेला आणि दोन वर्षांत त्याची जीभ बदलली. सुटीवर आला की आमच्या बोलण्यावर नाक वर करून चुका काढायचा. "मले नाही, मला. काऊन नाही, का." आईने एकदा त्याला जेवायला वाढताना "अजून पाह्यजे का" विचारलं, तर त्याने तिलासुद्धा "पाहिजे" म्हणायला लावलं. तिच्या हातची भाकरी खात तिलाच शहाणपणा शिकवत होता. अहो-जाहो करायचं माणूस आहे, पण मी मनात त्याला अरे-तुरेच करते आणि इथेही तेच करणार.

बाबांनी त्याला पोस्टकार्ड टाकलं. ते मी वाचलं होतं, कारण पेटीत मीच टाकून आले. अक्षर सुरेख, मजकूर दोन ओळींचा. जुना पण चांगला जर्मन कॅमेरा बघावा. कॅमेरा घडीचाच आणावा, बिनाघडीचा आणू नये.

दिवाळीत काका आला. आई सकाळपासून तयार होती. तिने तिचं ठेवणीतलं अंजिरी लुगडं नेसलं होतं, नथ घातली होती, आम्हा तिघांची डोकी चोपून तेल लावून विंचरली होती. बाबांनी मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि पडद्याच्या जागी धुतलेली सतरंजी टांगली होती. काका आंघोळीला गेला की दार लावून घ्यायचं आणि फोटो काढायचा, असं ठरलं होतं. काकाला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

काकाने पिशवीतून कॅमेरा काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी बटण दाबलं आणि भाता उघडला. तोच कॅमेरा, तीच डबी, तेच भिंग. बाबांनी भिंगाभोवती अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. मग कॅमेरा उजेडात नेला.

"याची घडी कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"ही काय," म्हणत काकाने कॅमेरा घेतला, भाता दाबून आत बसवला आणि दार खटकन बंद केलं. "झाली घडी."

"तशी नाई बे. घडी. चाबीची घडी."

"चावीची?" काका बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो जो हसत सुटला तो खाटेवर बसूनच. "अहो दादा, त्याला घड्याळ म्हणतात. तुम्ही घडीचा लिहिलंत, मी घडीचा आणला. घडी न होणारे डबडे कॅमेरेही होते दुकानात, ते मी बघितलेसुद्धा नाहीत. आता तरी शुद्ध लिहायला शिका."

याच्यापुढचं ऐका. तो स्वतःच सांगत होता, मोठी शेखी मिरवत. दुकानदाराने त्याच्यासमोर एकाच चेहऱ्याचे दोन कॅमेरे ठेवले होते. एकाच्या भिंगाजवळ लहान दांडी होती. ही कशाला, असं काकाने विचारलं. दुकानदार म्हणाला, ती ओढली की कॅमेरा थोडं थांबून आपोआप फोटो काढतो, पण जुन्या कॅमेऱ्यात ती अडकते कधीकधी. तेव्हा काकाने विचार केला, म्हणे, बिघडायची वस्तू जितकी कमी तितकी बरी. आणि दांडीचा परत केला. म्हणजे आम्हाला पाहिजे होता तो कॅमेरा या माणसाच्या हातात होता. दुकानदाराने त्याचं काम काय तेही सांगितलं होतं. आपला भाऊ दोन ओळींत "घडीचाच" असं बजावून का लिहितोय, याचा याने क्षणभर विचार केला असता तर? पण तो कशाला करील? मुंबईत शिकलेल्या एका अर्थाने त्याच्या डोक्यातला घरचा अर्थ पार पुसून टाकला होता.

आई दारात उभी होती. ती आत गेली, लुगडं बदललं, नथ काढून डबीत ठेवली आणि काकासाठी चहा टाकला. मी तिच्या मागे गेले तर म्हणाली, "जाय, खुर्च्या उचल."

नंतर खूप वर्षांनी मी जालन्याच्या एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला मुद्दाम विचारलं. त्याने त्याच साच्यातली भावंडं माझ्यासमोर मांडली. एक अगदी साधा, आमच्यासारखा. दुसरा तोच, पण भिंगाभोवतीचं यंत्र वेगळं आणि त्याला ती दांडी. तिसऱ्याला डोक्यावर जास्तीची खिडकी, माणूस किती लांब आहे ते मोजायला. चौथ्यात ती खिडकी आणि भिंग एकमेकांना जोडलेले, सगळ्यात भारी तो. बंद केले की चारही डब्या जवळजवळ सारख्याच. त्याने दुसऱ्याची दांडी ओढून दाखवली. किर्र किर्र आवाज झाला आणि मी तिथून उठून आले. त्या बिचाऱ्याला वाटलं मला यातला एकही पसंत पडला नाही.

बाबांवरही मला राग आहे, तोही सांगून टाकते. त्यांनी काकाला परत जाऊन बदलून आण, असं ठणकावून सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "राहू दे. कॅमेरा चांगला हाये." काका म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. मग बाबांनी आपली अक्कल चालवली. शटरच्या खटक्याला लांब दोरा बांधला आणि खुर्चीवर बसून ओढून बघितला. कॅमेरा हलला आणि फोटोत खुर्चीला सहा पाय आले. दुसऱ्यांदा दोरा तुटला. बाबा म्हणाले, नीट काहीतरी बसवतो, फक्त ही लग्नसराई जाऊ दे. त्या घडीच्या कॅमेऱ्यामुळे बाबांना आता सिंदखेडपासून मेहकरपर्यंत लग्नांची कामं मिळत होती. एका लग्नातून आले की दुसऱ्याला जायचे, आणि त्या सगळ्या नवरा-नवरींच्या प्रिंटा आई धूत होती, दर दहा मिनिटांनी भिंतीला टेकून दम खात. तिने एकदाही आठवण करून दिली नाही. माझा राग तिच्यावरही आहे. भांडायला पाहिजे होतं तिने. सगळे मूग गिळून बसले.

मे महिन्यात काका पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. पुढच्या खेपेला आणतो म्हणालेला कॅमेरा त्याने आणला नव्हता. विसरलो म्हणाला. त्याच आठवड्यात एक दिवस सकाळी आई पाणी भरता भरता बसली, आणि बसली ती उठलीच नाही. बाबा तेव्हा दुकानात एका मास्तरांचा फोटो काढत होते. मी ओरडत गेले तेव्हा त्यांच्या हातात भिंगाची टोपी होती, ती तशीच हातात घेऊन ते आत आले.

गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांनी आईला न्हाऊ घातलं, तेच अंजिरी लुगडं नेसवलं. मग कोणीतरी म्हणालं, लेकराईजवळ आईचा एकही फोटो नाही. आमच्याकडे तेव्हा गेलेल्या माणसाचा फोटो काढायची रीत होती. खुर्चीत बसवायचं, मागून उशा लावायच्या, कंबरेला पदराआडून कापड बांधायचं. बाबांनी स्वतः असे किती फोटो काढले होते. त्या दिवशी त्यांना उभंही राहता येईना.

"दादा, तुम्ही वहिनीशेजारी बसा," काका म्हणाला. "मी काढतो."

आणि बाबा बसले. अंगणात, दुसऱ्या खुर्चीवर, आईच्या बरोबरीने. आम्हा तिघांना पुढे उभं केलं. भोवती पन्नास माणसं होती, गल्लीतले सगळे बाप्ये, शिंपीमामासुद्धा. काकाने तो कॅमेरा उघडला, आमच्यापासूनचं अंतर पावलांनी मोजलं, भिंग फिरवलं आणि आम्हाला म्हणाला, हलू नका. आईला सांगायची गरज नव्हती. तिच्या डोक्यावरचा पदर एका बाजूला घसरला होता, तो एका बाईने पुढे येऊन सारखा केला. मग खट् झालं.

बाबांनी ते रीळ महिनाभर धुतलं नाही. मग धुतलं, मोठी प्रिंट काढली आणि बारीक कुंचला घेऊन आईच्या मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढले. त्यांचा हात त्या कामात तरबेज होता, पण हे डोळे मला कधी पटले नाहीत. ते सरळ समोर बघतात, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. आई अशी कधीच बघत नसे.

बाबाही गेले. फोटो आता माझ्या भावाच्या घरी, बुलढाण्याला, दिवाणखान्यात आहे. मागच्या वर्षी भावाच्या नातवाच्या बारशाला आम्ही सगळे जमलो होतो. काका आता नव्वदीला टेकलाय, पण जीभ तशीच. त्याची सून फोटोखाली उभी राहून म्हणाली, मोठ्या सासूबाईंचे डोळे किती जिवंत आहेत हो, अगदी आपल्याकडे बघताहेत. तेवढं काकाला पुरलं. "हा फोटो मी काढलाय," तो म्हणाला. "त्या कॅमेऱ्याची गंमत माहितीये का तुम्हाला? दादानं लिहिलं, घडीचाच आणावा." आणि सगळा विनोद पुन्हा एकदा, दांडीच्या कॅमेऱ्यापासून शुद्ध मराठीपर्यंत. सगळे हसले. माझा सख्खा भाऊही दात काढत होता. त्याला काय आठवणार, तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

मी म्हटलं, आता बस झालं. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. डोळे बाबांनी काढलेले आहेत. खुर्चीतली बाई मेलेली आहे. घडी कोणासाठी पाहिजे होती आणि का पाहिजे होती. दिवाळीच्या दिवशी खुर्च्या कोणी उचलल्या. बोलताना माझा आवाज चढला होता आणि बाळ झोपलं होतं तरी मी तो खाली आणला नाही.

काकाने मान वर करून फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाई. वयनीसाठी पाह्यजे म्हून लिवलं असतं तं मी इचारलं नसतं का त्या दुकानदाराले?" किती वर्षांनी त्याच्या तोंडून आमची बोली आली, आणि त्याचं त्याला कळलंही नाही.

त्याचं खरं होतं. बाबांनी लिहिलं नव्हतं. पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, मुंबईच्या खोलीतले चार जण वाचतात. बायकोशेजारी बसून फोटो काढायचाय, हे बाबा त्याच्यावर कसं लिहिणार? आई समोर माणूस नको म्हणत होती आणि बाबांना कागदावरसुद्धा माणूस नको होता. हे मला त्या बारशात उभ्याउभ्या कळलं आणि म्हणून राग कमी झाला असं नाही, उलट कोणावर काढायचा तेच कळेना.

काकाने विचारलं, माफ केलं का म्हणून. मी नाही म्हटलं. कुठल्याच बाप्यासमोर, त्याच्यासमोरही, नवऱ्याच्या बरोबरीने बसायचं नाही म्हणून माझ्या आईने सगळा खटाटोप मांडला होता, आणि शेवटी त्यानेच तिला तशी बसलेली पाहिली, कारण नको म्हणायला ती उरली नव्हती.